पुसण्याआधी

स्नेहलने नुसता हात पुढे केला होता. "आई, द्या इकडे, मी साफ करून देते," एवढंच ती म्हणाली, आणि सिंधुबाईंनी फोन असा झटक्याने छातीशी ओढला की समोरची बशी कलंडली. चहा टेबलाच्या कडेने ठिबकत राहिला. सुनेने फडकं आणलं, टेबल पुसलं, फडकं पिळलं आणि ती पुन्हा ओट्याकडे वळली. तिची पाठ नेहमीसारखीच होती, पण पिळण्याचा आवाज सिंधुबाईंना जास्तच जोरात वाटला. त्यांनी फोन हळूच खाली घेतला. पडद्यावर ते वाक्य तसंच होतं: जागा संपत आली आहे. खाली फोनने आपणहून एक यादी काढून ठेवली होती, काय काय टाकून दिलं तर जागा होईल त्याची. रोज सकाळी येणारी गुलाबाची फुलं, भाचेसुनेच्या डोहाळजेवणाचे व्हिडिओ, आणि तिसऱ्या ओळीत, फुलांच्याच मापाने मोजलेले, आवाजाचे निरोप. एक हजार एकशे चाळीस. शेजारी एक रिकामा चौकोन होता. त्याला बोट लागलं की काम झालं. एवढ्याशा चौकोनावर आपली आक्का उभी आहे हे फोनला ठाऊक नव्हतं, पण स्नेहलला ठाऊक असेल का, हे सिंधुबाईंना सांगता येईना. साफ करून देते म्हणजे नेमकं काय काय उघडून बघते?

आक्का म्हणजे कुसाबाई, त्यांची थोरली बहीण. दिंडोरीच्या पलीकडे मळ्यात राहायची. गेल्या मार्गशीर्षात गेली. तिला लिहिता येत नव्हतं. ऐंशीच्या घरात असताना नातसुनेने तिला फोनवरचं माइकचं चित्र दाबून धरायला शिकवलं, आणि तेव्हापासून चार वर्षं ती बोलत राहिली. आधी खोकला, मग "सिंधे, आयकती का", मग बागेची छाटणी, कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली. मधेच ट्रॅक्टर जायचा, तेव्हा ती थांबायची आणि तो गेल्यावर वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलायची. सिंधुबाई मनपाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांना असं बोलणं पाल्हाळाचं वाटे. आता वर्ष झालं, त्यांनी त्यातलं एकही पुन्हा ऐकलं नव्हतं. आहेत हे माहीत असणं पुरे होतं. आणि चार दिवसांपूर्वी आक्काच्या मुलीचा, लताचा फोन आला. लता आता बावन्न वर्षांची, स्वतःची तीन एकर बाग सांभाळणारी, सणावारालाही मावशीच्या घराची पायरी न चढणारी. ती म्हणाली, "मावशी, माझा फोन फवारणीच्या औषधाच्या टाकीत पडला. आईचं सारं बोलणं गेलं. तुझ्याकडं हाय ना? मला दे." सिंधुबाई म्हणाल्या, बघते. ती म्हणाली, बघ. आणि ठेवला. त्या 'बघ'मध्ये काय होतं, हे चार दिवस त्या उलटसुलट करून पाहत होत्या. एवढ्या वर्षांत काही न मागणाऱ्या लताने आताच का मागावं? फोन खरोखर टाकीत पडला असेल का? की आक्का जाण्याआधी तिच्या कानात काही बोलून गेली? कारण त्या अकराशे चाळीसमध्ये एक निरोप असा होता, जो लताने ऐकायला नको होता. स्नेहलने नको, मुलाने, रविराजनेही नको, कुणीच नको. आणि तो टाकून द्यावा तर तोही आक्काचाच आवाज होता.

संध्याकाळी रविराज कंपनीतून आला तेव्हा त्याच्यासमोर विषय निघाला. तो म्हणाला, सोपं आहे, सगळं वर टाकून देऊ. वर म्हणजे कुठे, असं त्यांनी विचारलं. तो सांगू लागला, कुठेतरी लांब मोठी यंत्रं असतात, आपलं सगळं तिथे राहतं. "माणसं वर जातात तेवढं पुरे झालं," सिंधुबाई म्हणाल्या, आणि रविराज हसला, स्नेहलही ओट्याजवळून हसली. मग तो म्हणाला की एक बाहेरची ड्राइव्ह घेऊ, एसएसडी, बसल्या जागी मागवतो. नको, मी माझ्या हाताने बघून घेईन, त्या म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सिंधुबाईंनी ते पाहणं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरहून बस धरून त्या शालिमारला उतरल्या. बसमध्ये खिडकीची काच थडथडत होती आणि त्या आवाजात त्यांना टेपरेकॉर्डरची खरखर ऐकू येत होती. ती गोष्ट त्यांना अशी पाठ होती, जशी वर्गात दरवर्षी सांगून एखादी गोष्ट पाठ होते. यजमानांनी हौसेने टेपरेकॉर्डर घेतला होता. आप्पा, म्हणजे त्यांचे वडील खंडेराव, चैत्रात डोळे दाखवायला नाशिकला आले तेव्हा यजमानांनी त्यांना गालिच्यावर बसवून बोलतं केलं. विहीर खणताना काळा पाषाण कसा लागला, सुरुंगाची वात कुणी पेटवली, बैल बुजला तर त्याला कोणत्या शब्दाने थांबवायचं. बैलाला घातलेली ती हाक त्यांनी एवढ्या मोठ्याने घातली की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. मग यजमानांनी कॅसेटच्या कडेवरचा प्लास्टिकचा दात मोडून टाकला. तो मोडला की यंत्र त्यावर दुसरं काही घेत नाही, आवाज राखला जातो. श्रावणात आप्पा गेले. दिवाळीत आक्का, तिचे मालक आणि लता आले. भाऊबीजेला जेवणं झाल्यावर सगळे आप्पांना ऐकायला बसले. बटण दाबलं, आणि नुसती खरखर. पंचेचाळीस मिनिटं खरखर. आप्पा नव्हते. कुणीतरी मोडलेल्या दाताच्या खाचेत कागद कोंबून यंत्राला फसवलं होतं आणि वर रेकॉर्डचं बटण दाबलं होतं. लता नऊ वर्षांची, सारखी त्या बटणांशी खेळणारी. तिच्या बापाने तिला सगळ्यांदेखत मारलं. पुढच्या जूनपासून ती मावशीकडे राहून पाचवीत जाणार होती, शाळेत नाव घालायचं ठरलं होतं, ते राहिलं. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. गोष्ट इथे संपायची. सांगताना सिंधुबाई नेहमी शेवटी म्हणत, लेकरूच ते, त्याला काय कळतंय. आणि ऐकणारा म्हणे, खरंच तुमचं मन मोठं.

एम. जी. रोडवरच्या दुकानातल्या माणसाने काचेवर तीन वस्तू मांडल्या. चष्मा डोक्यावर चढवलेला, चाळिशीचा माणूस. पेनड्राइव्ह रोजच्या नेण्याआणण्याला ठीक, तो म्हणाला, जपून ठेवायला नाही. ही हार्ड डिस्क स्वस्त, पण आत चकती फिरते, हातातून पडली की गेली. आणि ही एसएसडी, आत फिरणारं काहीच नाही. सिंधुबाईंनी ती काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी उचलून कानाजवळ हलवली. काहीही वाजलं नाही. जिच्या आत काहीच हलत नाही ती आवाज कसा ठेवणार, असं त्यांना वाटलं, आणि पेपरात वाचलेलं आठवलं की बनावट डब्यांत वजनाला लोखंडी नट चिकटवलेला असतो. त्यांनी सीलबंद खोका मागितला. सीलच्या कडेवरून नख फिरवलं, उजेडाकडे धरून पाहिलं, मग दुसरा मागितला. "काकू, आंबे घ्यायला आलात का?" तो म्हणाला. त्याने फोन केवढ्या जागेचा ते विचारलं आणि सांगितलं की मग पाचशे जीबी पुष्कळ झाली, एक टीबी घेऊ नका, उगाच पैसे जातील. यावर सिंधुबाई जास्तच सावध झाल्या. स्वस्तातलं सुचवणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. रस्ता ओलांडून त्यांनी आणखी दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही एक टीबी पुढे केली. तेव्हा त्या परत पहिल्याकडे आल्या, पाचशेवालीच घेतली, आणि पिशवीत बिलाखाली खोका ठेवताना वाटलं, आपण फिरून परत इथेच येणार हे याने आधीच ओळखलं असेल तर?

घरी कुणी नव्हतं. हे बरं झालं. त्यांनी देवघरासमोर पाट ठेवला, पाटावर डबी ठेवली. घरात मिक्सर आला तेव्हा, रविराजची पहिली स्कूटर आली तेव्हा, स्नेहलचा लॅपटॉप आला तेव्हाही त्यांनीच हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. यजमान गेल्यापासून स्वतःला लावत नसल्या तरी वस्तूला लावायला त्या कुणाला विचारत नसत. आधी हळद, मग कुंकू, वर दोन अक्षता. कुंकवाची चिमूट जरा मोठीच झाली. मग खोक्यातली तार एका टोकाने डबीला आणि दुसऱ्या टोकाने फोनला लावली आणि वाट पाहिली. फोन गप्प. तार उलटी करून लावली, तरी गप्प. अर्धा तास त्या खुर्चीत बसून राहिल्या आणि त्या अर्ध्या तासात दुकानदाराचा डोक्यावरचा चष्मा, त्याचं ते आंब्यांचं बोलणं, स्वस्ताचा आग्रह, सगळं नीट जुळत आलं. फसवलं. म्हातारी बघून रिकामी डबी दिली. एक विचित्र समाधानही वाटलं, की आपला संशय खरा होता. आणि त्याखाली, अगदी तळाशी, आणखी एक सुटकेची भावना होती, जिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ड्राइव्हच चालली नाही तर लताला काय देणार?

सकाळी दुकान उघडत असतानाच त्या पायरीवर उभ्या होत्या. वर्गातल्या पोराला खडसावावं तसं त्यांनी त्याला सुनावलं. गिऱ्हाईक पाहून माल देता का, बायामाणसांना काही कळत नाही असं समजता का. त्याने ऐकून घेतलं. चष्मा डोळ्यांवर ओढला, डबी हातात घेऊन वरचा पिवळा-लाल डाग पाहिला, मग छोटी बॅटरी लावून तार घालायच्या भोकात डोकावला. खणातून एक पांढरा बारीक ब्रश काढला, भोकात दोनदा फिरवला आणि ब्रश त्यांच्यासमोर धरला. टोक लाल झालं होतं. मग त्याने डबी आपल्या यंत्राला लावली. एक निळा ठिपका उजळला.

सिंधुबाई त्या लाल टोकाकडे पाहत राहिल्या. दुकानात इतर माणसं आली, कुणी कव्हर मागत होतं, कुणी काच बदलून मागत होतं, आणि त्यांच्या नजरेसमोर एवढीशी खाच होती आणि खाचेत लाल काहीतरी. शाळेचं लाल पेन. त्या घरात लाल शाईचं पेन एकाच माणसाकडे होतं. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं नाही. माहीत असणं आणि समोर येणं यांच्यामध्ये त्यांनी बेचाळीस वर्षं कसलं तरी कापड धरून ठेवलं होतं. दिवाळीच्या सुटीआधी शाळेतल्या मुलींची कविता बसवायची होती. शिक्षकांना कोऱ्या कॅसेटी परवडत नसत. विकतच्या जुन्या भजनांच्या कॅसेटींची खाच कागदाने बुजवायची आणि त्यावरच घ्यायचं, सगळ्या बाई असंच करत. कपाटात दोन सारख्या कॅसेटी होत्या. घाईत त्यांनी हाताला लागली ती घेतली, तपासायच्या वहीतला कोपरा फाडला, बोळा केला, कोंबला आणि बटण दाबलं. तालीम संपेपर्यंत यंत्र चालत राहिलं, पण माइकची पिन नीट बसली नव्हती. मुलींचंही काही उमटलं नाही. त्यांनी ती कॅसेट वैतागून कपाटात टाकून दिली आणि विसरल्या. भाऊबीजेला खरखर सुरू झाली तेव्हा पहिल्या मिनिटालाच त्यांना कळलं. कॅसेट काढताना त्यांनी तो बोळा मुठीत घेतला. त्यावर बरोबरची अर्धी खूण होती, त्यांच्या हातची. आणि मूठ मिटलेली असतानाच त्यांच्या तोंडून वाक्य गेलं: काल लता इथेच बसली होती. तेवढंच. खोटंसुद्धा नव्हतं ते. लता बसली होतीच. लताचा बाप उठला. पहाटे आंघोळीचं पाणी तापवताना त्यांनी बोळा बंबात टाकला. बंबाजवळ आक्का शेकत बसली होती.

"काकू, ऐकताय ना?" दुकानदार सांगत होता. ही घरच्या लॅपटॉपवर एकदा फॉरमॅट करून घ्या. तो दोन-तीन पर्याय दाखवेल, त्यातलं एक्सफॅट निवडा, म्हणजे फोनही वाचेल आणि लॅपटॉपही. एनटीएफएस राहू दिलंत तर लॅपटॉप वाचेल, पण तुमचा फोन बहुतेक ओळखणार नाही. आणि क्विक लिहिलेल्या चौकोनावर खूण असेल, ती राहू द्या. क्विक म्हणजे काय, त्यांनी विचारलं. आयुष्यभर प्रश्न विचारायची सवय. तो म्हणाला, "सगळं खरडून नाही काढत. नुसती यादी पुसतो. सामान आत तसंच असतं, फक्त कुठे आहे ते सापडत नाही." सिंधुबाईंनी डबी पिशवीत ठेवली. मघाच्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, कुंकू माझंच होतं. तो म्हणाला, असू द्या, माझी आईपण लावते.

लॅपटॉप म्हणजे स्नेहल. तिच्याशिवाय इलाज नव्हता. दुपारी ती घरूनच काम करायची. त्यांनी विचारलं तेव्हा तिने आपली कामं बाजूला सारली, डबी जोडली, यादीतलं एक्सफॅट शोधून दिलं. क्विकवर खूण होती. तिने बाण शेवटच्या बटणापाशी आणून ठेवला. वर इशारा आला: यावरचं सगळं पुसलं जाईल. कोरी करकरीत डबी, तिच्यावर काहीच नव्हतं, तरी सिंधुबाईंनी तो इशारा पुन्हा वाचला. स्नेहलने हात मागे घेतला आणि ती उठली. "तुम्ही दाबा. मग फोनला जोडा आणि फोल्डर उचलून इकडे ठेवा. अडलं तर हाक मारा." दारापर्यंत गेली आणि थांबली. "आई, मी तुमचं काही ऐकत नाही हं. माझ्या फोनात माझी आई आहे. ती लावते तेव्हा मलाही खोलीत कुणी नको असतं." आणि तिने दार ओढून घेतलं. सिंधुबाईंना आपल्या सुनेची आई जाऊन किती वर्षं झाली ते चटकन आठवेना. सात की आठ? तिच्या आवाजाबद्दल त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. दोन क्षणांत झालं. पुसायला एवढाच वेळ लागतो.

मग फोन जोडला. आता त्याने डबी लगेच ओळखली, नाव विचारलं. त्यांनी नाव दिलं नाही. आवाजाचे निरोप आठवड्या-आठवड्याच्या कप्प्यांत होते, नावांऐवजी नुसते आकडे, आक्काचं आणि इतरांचं सगळं एकत्र. आलेले आणि धाडलेलेही. सगळं उचलून डबीत टाकताना एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. पूर्ण झाल्यावर नीट उतरलंय का पाहावं म्हणून त्यांनी डबीतला एक कप्पा उघडला. कोणताही उघडता आला असता. त्यांनी दोन वर्षांपूर्वीचा, फेब्रुवारीतला उघडला.

"सिंधे, आयकती का." खोकला. मागे कुठेतरी पाण्याची मोटर. "एक सांगायचं व्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी तू बंबात कागद टाकला, तो म्या पाह्यला व्हता. लाल शाईचा. म्हटलं, आप्पाचा आवाज गेला तो काय माघारी येत नाय. तुझा संसार नवा, दाजी काय म्हणतीन. म्हून गप ऱ्हायली. पण लतीला मार बसला तवा मी बोलायला पायजे व्हती. ते माझं चुकलं. तिची शाळा ऱ्हायली." ट्रॅक्टर गेला. ती थांबली. ट्रॅक्टर गेल्यावर म्हणाली, "तूच सांग तिला कवा तरी. मी नाय सांगत. तुझं तू सांग."

त्याच्या खालचा निरोप चार सेकंदांचा होता. सिंधुबाईंना वाटलं आक्काच काही पुढे बोलली असेल. त्यांनी लावला. एक नीटनेटका, शाळेत ऐकू येतो तसा बाईचा आवाज आला: "आक्का, आवाज तुटतोय गं. काहीच ऐकू आलं नाही." त्यांनी तो पुन्हा लावला. पुन्हा एकदा. अक्षर न् अक्षर स्वच्छ होतं. हे त्यांनी यादीतून पुरतं पुसलेलं होतं. त्यानंतर आक्काने छाटणीचं सांगितलं, गाईचं सांगितलं, जाईपर्यंत बोलत राहिली, आणि हे पुन्हा कधी काढलं नाही. म्हणजे तिने लताला सांगितलं नव्हतं. ती तसं म्हणाली होती, आणि आक्का बोलायची ते पाळायची. लताला काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त तिची आई हवी होती. एवढ्या दिवसांचा सगळा संशय कुणावर होता मग?

दोन फाइली. दोन वेळा बोट दाबून धरायचं, वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र येईल. अकराशे अडतीस उरतील, आणि लता कधी मोजायला बसणार नाही. त्यांनी पहिल्या फाइलीवर बोट ठेवलं. चित्र आलं. बोट उचललं. चित्र गेलं. बाहेर स्नेहल कुणाशी तरी फोनवर हळू बोलत होती. पहिल्यांदाच त्यांना वाटलं नाही की ते आपल्याबद्दल असेल. त्यांनी तार काढली. डबी कोमट झाली होती, काही वेळ हातात धरलेल्या अंड्यासारखी.

खोक्यात ती ठेवताना वर जराशी जागा उरली. सिंधुबाई उठल्या, कपाटातली जुनी पेटी उघडली. निवृत्तीच्या वेळचं लाल पेन अजून चालत होतं, आधी दोन रेघोट्या कोऱ्या गेल्या, मग उमटलं. वहीचा कोपरा फाडला. त्यावर त्यांनी त्या कप्प्याचा आकडा लिहिला, दोन्ही फाइलींचे आकडे लिहिले, आणि खाली, मुलांना गृहपाठ द्यायच्या त्याच अक्षरात: लता, हे दोन आधी ऐक. कागदाची घडी घातली. बोळा केला नाही. तो डबीवर ठेवून त्यांनी खोका बंद केला आणि दार उघडून स्नेहलला विचारलं की दिंडोरीकडे जाणारी दुपारची बस आता किती वाजता असते. स्नेहल म्हणाली, कशाला, रवी रविवारी देऊन येईल. "नाही," सिंधुबाई म्हणाल्या. "हे माझ्या हाताने द्यायचंय."